चोर सोडून संन्याशाला

व्हॉट्सअपवर सकाळी सकाळी सूर्योदयाचा फोटो आणि त्यावर "कर्म कुणालाच सोडत नाही" असं लिहिलेलं जे येतं ना, ते पाठवणाऱ्याच्या डोक्यात त्या वेळी नेमकं कोण आहे हे मला हल्ली ओळखता यायला लागलंय. तो स्वतः तर नक्कीच नसतो. कुणीतरी दीर असतो, कुणीतरी जाऊ असते, ऑफिसातला कुणीतरी असतो, ज्याचं वाटोळं व्हायची वाट बघणं चालू आहे पण तसं तोंडावर म्हणता येत नाही, म्हणून मग कर्माच्या खांद्यावर बंदूक.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. पूर्वी कमिटीत होते, टँकरच्या बिलावरून, पार्किंगवरून, भटक्या कुत्र्यांवरून अख्ख्या बिल्डिंगशी भांडून झालेले. मध्यंतरी त्यांना पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली, आता संध्याकाळी व्हीलचेअरवरून खाली आणतात. लिफ्टमध्ये एक काकू मला हळूच म्हणाल्या, "इथलं इथेच फेडावं लागतं हो." आता ह्याच काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा मी डबा घेऊन गेले होते आणि तेव्हा त्यांचं वाक्य होतं, "देव चांगल्या माणसांचीच परीक्षा बघतो." म्हणजे दुसऱ्याचं आजारपण ही शिक्षा आणि आपलं आजारपण ही परीक्षा. हसू नका, आपण सगळे हेच करतो, फक्त काकू मोठ्यानं बोलल्या एवढंच.

तर ह्यावरून डोक्यात जरा चक्र सुरू झालं, थोडं आधी वाचलेलं आठवलं, थोडं नव्यानं काढून वाचलं, आणि माझं असं मत झालंय की आपण कर्माचा सिद्धांत म्हणून जे लिफ्टमध्ये बोलतो तो आपल्याच जुन्या पोथ्यांमध्ये एवढा सरळसोट नाहीये. तिथे लोक ह्यावर पार हमरीतुमरीवर आलेत.

आमच्या आजोबांच्या कपाटात गीतारहस्य होतं (पुण्यातल्या जुन्या घरांत ते असतंच, वाचलेलं असतंच असं नाही). टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात ते लिहिलं आणि १९१५ ला ते छापून आलं. त्यात दहावं प्रकरण कर्मविपाकावर, म्हणजे कर्माला फळ कसं येतं ह्यावर आहे. कीर्तनात सांगतात ते तीन प्रकार आपल्याला माहिती असतात, संचित म्हणजे आजवरचा सगळा साठा, प्रारब्ध म्हणजे त्यातलं भोगायला सुरुवात झालेलं, आणि क्रियमाण म्हणजे आत्ता चाललंय ते. टिळक म्हणतात तीन कशाला, आत्ता जे करताय तो प्रारब्धाचाच परिणाम, तेव्हा खरे भाग दोनच, भोग सुरू झालेलं आणि अजून न झालेलं, आणि ह्याला ते ब्रह्मसूत्राचा आधार देतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी जरा हबकलेच, म्हटलं मग आपल्या हातात उरलं काय. पण त्या प्रकरणाच्या नावातला पुढचा शब्द आत्मस्वातंत्र्य असा आहे, आणि पुढे पानंच्या पानं ते हेच मांडत बसलेत की माणसाला मोकळीक आहे ती कुठून आली. सगळं आधीच ठरलंय म्हणून हातावर हात ठेवून बसा असं सांगायला तो माणूस सहा वर्षांची शिक्षा भोगत नव्हता.

पण त्या काकांच्या पॅरालिसिसला उत्तर मला टिळकांकडे नाही मिळालं, ते मिळालं पाली ग्रंथांत. संयुत्तनिकायात सीवक नावाचा एक परिव्राजक, म्हणजे फिरता संन्यासी, बुद्धाला विचारतो की काही लोक म्हणतात माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, तुमचं म्हणणं काय? बुद्ध सरळ यादी देतो. काही दुखणी पित्तानं होतात, काही कफानं, काही वातानं, काही तिन्ही बिघडल्यानं, काही ऋतू बदलल्यानं, काही आपण नीट काळजी न घेतल्यानं, काही कुणी मारहाण केल्यानं, आणि काही कर्माच्या विपाकानं. आठवा नंबर! आणि वर असंही म्हणतो की सगळंच पूर्वकर्म म्हणणारे लोक स्वतःला जेवढं कळलंय त्याच्या पुढे पळतात. दोन अडीच हजार वर्षांपूर्वी एक माणूस सांगून गेला की आधी पित्त बघा, हवा बघा, पथ्य बघा, आणि आम्ही एकविसाव्या शतकात लिफ्टमध्ये आठव्या नंबरवरून सुरुवात करतो. काकांची बीपीची गोळी मधेच बंद झाली होती हे त्यांच्या सुनेनं मला सांगितलंय. पण गोळीची गोष्ट काय चविष्ट नसते.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. महाभारतातली आहे, आदिपर्वातली, मांडव्य ऋषींची. आपल्याकडे भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत लोक महाभारताच्या हस्तलिखितांवर खपले, श्लोक न् श्लोक ताडून बघत चिकित्सक आवृत्ती काढली, लॉ कॉलेज रोडला त्या संस्थेजवळ ट्रॅफिकमध्ये अडकले की मला नेहमी त्या लोकांच्या चिकाटीचं कौतुक वाटतं. तर मांडव्य झाडाखाली हात वर करून तप करत उभा, मौनव्रत धरलेलं. चोर येतात, लुटीचा माल त्याच्या आश्रमात लपवतात आणि तिथेच दडून बसतात. मागून राजाचे शिपाई येतात, विचारतात चोर कुठे गेले, हा बोलत नाही. मग झडती घेतात, माल सापडतो, चोर सापडतात, आणि हा गप्प म्हणजे हाही सामील. राजा सगळ्यांना सुळावर द्यायला सांगतो. आपल्या म्हणीत तरी चोर सोडून संन्याशाला सुळी देतात, इथे दोघांनाही दिलं. हा मात्र सुळावरही मरत नाही. मग राजाला कळतं की हे तर ऋषी, तो पाया पडतो, सूळ काढायला बघतो, निघत नाही, शेवटी बाहेरचा भाग कापून टाकतात आणि टोक आत तसंच राहतं. म्हणून पुढे त्याचं नाव अणीमांडव्य, अणी म्हणजे टोक. ते टोक अंगात घेऊन हा माणूस हिंडतो.

आणि मग तो जातो थेट धर्मराजाकडे (युधिष्ठिर नव्हे, यमधर्म), आणि विचारतो की मी असं केलं काय होतं, कुठल्या कर्माचं हे फळ? धर्म म्हणतो, लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत गवताच्या काड्या खुपसल्या होत्यास, त्याचं हे.

इथे व्हॉट्सअपवाली गोष्ट संपली असती. बघा, कर्म सोडत नाही, किड्याला टोचलंस तुला टोचलं, खाली हात जोडलेला इमोजी. पण महाभारत इथे थांबत नाही. मांडव्य चिडतो. म्हणतो, एवढ्याशा गुन्ह्याला एवढी शिक्षा? लहान मूल होतो मी. आणि तो उलट धर्मालाच शाप देतो की तू शूद्राच्या पोटी जन्म घेशील, आणि वर नियम घालून देतो की आजपासून चौदा वर्षांच्या आत केलेलं पाप धरलं जाणार नाही. तो धर्म म्हणजे पुढे विदुर.

म्हणजे जरा विचार करा, न्याय करणाऱ्यालाच शिक्षा झाली, कारण मोजमाप चुकलं. कर्माचा कायदा एका माणसानं भांडून बदलून घेतला. मला लहानपणी ही गोष्ट कुणी सांगितली असती तर... असो. सांगितली नाही कारण आपल्याकडे मुलांना कर्माची भीती घालायची असते, कर्माशी भांडता येतं हे सांगितलं तर भाजी कोण संपवणार.

वयाची ती रेघ आपल्या कायद्यात अठराला आहे, आणि पुण्यात २०२४ च्या मे महिन्यात ह्याच रेघेवरून काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. कल्याणीनगरला रात्री पोर्शे गाडीनं दोन तरुण इंजिनिअरना उडवलं, दोघंही गेले, गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता असा आरोप, आणि बाल न्याय मंडळानं पहिल्या झटक्यात जामीन देताना घातलेल्या अटींत एक अट होती ३०० शब्दांचा निबंध लिहायची. मांडव्याच्या वेळी काडीला सूळ, इथे दोन जिवांना निबंध, तराजू दोन्हीकडे बिघडलेलाच. तेव्हा माझ्या फॅमिली ग्रुपवर किमान निम्म्या लोकांनी लिहिलं होतं, "वरचा बघतोय, कर्म सोडणार नाही." वाचून मला इतका राग आला की मी ग्रुप म्यूट केला. कारण तो निबंधाचा आदेश काही दिवसांत बदलला तो कर्म येऊन बदलून गेलं म्हणून नाही बदलला, लोक बोलले, ओरडले, बातम्या झाल्या, पोलिसांनी परत अर्ज केला म्हणून बदलला. कर्म बघून घेईल हे वाक्य बऱ्याचदा "मी काही करणार नाहीये" ह्याचं सभ्य रूप असतं. आणि गंमत म्हणजे गीतेच्या ज्या "कर्मण्येवाधिकारस्ते" श्लोकाचा आधार घेऊन आपण गप्प बसतो त्याच श्लोकाचा चौथा चरण आहे "मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि", काही न करण्याची ओढ लावून घेऊ नकोस. तो चरण कुणाच्याच स्टेटसला नसतो.

मांडव्याच्या गोष्टीत एक गोष्ट खटकली असेल तुम्हाला, मला तरी खटकते. शिक्षा म्हणून जन्म कुठला दिला ते बघा. धर्मासारखा धर्म, त्याला खाली पाडायचं तर शूद्राच्या पोटी घाला. ही ह्या सिद्धांताची अंधारी बाजू आहे आणि ती टाळून कर्मावर गोड गोड लिहिणं मला जमणार नाही. चोखोबांचा अभंग आहे, त्यात ते स्वतःच म्हणतात की मागच्या जन्मी कृष्णाची निंदा घडली म्हणून हा जन्म आला, आम्हां पूर्वीचें हें फळ. एवढा मोठा संत, विठ्ठलाशी बरोबरीनं बोलणारा, आणि त्याला गावानं इतकं पटवून दिलेलं की तू बाहेर उभा आहेस ह्यात आमचा काही दोष नाही, तुझाच आहे, मागच्या जन्मातला, तो तुला आठवत नाही एवढंच. ह्याच चोखोबांनी दुसऱ्या अभंगात सरळ विचारलंय की पाचही भूतांचा विटाळ एकच आहे तर सोवळा कोण आणि ओवळा कोण. मला वाटतं हा दुसरा चोखोबा मांडव्याच्या जातकुळीतला, धर्मराजाच्या दारात जाऊन जाब विचारणारा. बाबासाहेबांनी तर शेवटच्या ग्रंथात, जो १९५७ ला त्यांच्या पश्चात आला, नेमकं ह्याच्यावर बोट ठेवलंय, की गरिबाची गरिबी त्याच्या मागच्या जन्मावर ढकलली की समाजाची आणि सरकारची जबाबदारी आपोआप सुटते. कर्म मानायचं तर ह्याच जन्मातलं माना, आत्ता केलेल्याचा आत्ता होणारा परिणाम बघा. आपल्या कामवाल्या मावशींच्या नवऱ्याच्या दारूबद्दल "तिचं प्रारब्ध" असं म्हणून आपण चहाचा कप उचलतो तेव्हा हेच चाललेलं असतं.

ऑफिसमध्ये कर्म वेगळ्या कपड्यात येतं. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या कुणालाही विचारा, अप्रेझलच्या सीझनला गीता निघते. आमच्याकडे एका वर्षी हाइक जवळजवळ कुणालाच नव्हती तेव्हा टाउनहॉलमध्ये शेवटच्या स्लाइडला रथ, घोडे आणि "कर्मण्येवाधिकारस्ते". मागच्या रांगेतून एक पोरगा हळूच म्हणाला, "सर, कृष्णानं अर्जुनाला केआरए दिले होते का?" (केआरए म्हणजे वर्षभरासाठी नेमून दिलेल्या जबाबदाऱ्या.) अख्खी रांग हसली. पण खरं सांगू का, मला तो श्लोक आवडतो, फक्त तो दुसऱ्याला ऐकवायचा श्लोक नाही. पगार वाढवणं ज्याच्या हातात आहे त्यानं ज्याच्या हातात नाही त्याला फळाची अपेक्षा ठेवू नको म्हणणं म्हणजे निव्वळ चलाखी. स्वतःला ऐकवला तर मात्र कामाचा आहे. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, आमचं काम असं की नीट केलं तर काहीच घडत नाही, प्रॉडक्शनला बग गेला नाही तर कुणी येऊन "वा, आज काही फुटलं नाही" असं म्हणत नाही. अशा कामात शाबासकीकडे डोळे लावून बसलं की माणूस कडवट होतो, आमच्याकडे असे कडवट लोक भरपूर आहेत, मीही त्यांच्याबरोबर चहा पिते.

गीतेतच अठराव्या अध्यायात ह्यापेक्षा उपयोगी श्लोक आहे आणि तो कधी स्लाइडवर येत नाही. कुठलंही काम घडायला पाच गोष्टी लागतात, अधिष्ठान म्हणजे ज्याच्या आधारावर उभं आहे ते, कर्ता, साधनं, वेगवेगळ्या हालचाली, आणि पाचवं दैव. म्हणजे करणारा हा पाचातला एक. दहावीच्या निकालाच्या दिवशी प्रत्येक सोसायटीत हे मोठ्यानं वाचायला पाहिजे, नव्वद टक्केवाल्यांच्या घरी जरा जास्त मोठ्यानं. पोराला क्लास लावणारे आईबाप, वेगळी खोली, पोट भरलेलं, परीक्षेच्या आदल्या दिवशी ताप न येणं, हे सगळं मिळून ते टक्के झाले, पण पेपरात फोटो "माझ्या कष्टाचं फळ" म्हणून एकट्याचा.

आणि इथे मी माझ्या खऱ्या मुद्द्याशी येते. आपल्या दर्शनांमध्ये कर्माबद्दल दोन गोष्टी होता कामा नयेत असं धरलंय. एक कृतनाश, म्हणजे केलेलं फळ न देता वाया जाणं. दुसरा अकृताभ्यागम, म्हणजे न केलेल्याचं फळ अंगावर येणं. हे दोन दोष टाळायचे म्हणून तर पुनर्जन्म मानावा लागतो, कारण एका जन्मात हिशोब जुळत नाही हे त्या लोकांना पण दिसत होतंच की, ते काही भोळे नव्हते. पण मला असं वाटतं की शहरात राहणाऱ्या माणसाला हे दोन दोष रोज, सकाळी दूध आणायला गेल्यापासून दिसतात. केलं एकानं आणि भोगलं दुसऱ्यानं.

माझी आजी नारायण पेठेत राहायची. १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण अजून पुरतं बांधूनही झालं नव्हतं, ते फुटलं, खालचं खडकवासलाही फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. आजीचं जे काय होतं ते सगळं गेलं, शिलाई मशीन चिखलात उलटं सापडलं ते तेवढं राहिलं. तेव्हा म्हणे कुणी एक शास्त्रीबुवा म्हणाले होते की पुण्याच्या पापाचा घडा भरला. आजी हे सांगताना प्रत्येक वेळी चिडायची. म्हणायची, "मेल्या, मी काय धरण बांधलं होतं?" घाईनं पाणी साठवू द्यायचं हे ठरवणारे कुठे, आणि वाड्याच्या जिन्यावर पोरं कडेवर घेऊन उभी असलेली ती कुठे. तिचा त्यात आठवा नंबर तर सोडाच, ऐंशीवा नंबर पण नव्हता.

आणि ही काही फक्त जुनी गोष्ट नाही. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत पहाटे पाणी शिरलं, रात्रभर पाऊस, वरून खडकवासल्याचा विसर्ग, लोक झोपेतून उठले तर तळमजल्यात गुडघ्याच्या वर पाणी, फ्रिज तरंगतायत, गाड्या बुडालेल्या. आता हे कुणाच्या कर्माचं फळ म्हणायचं? नदीच्या पात्रात वर्षानुवर्षं राडारोडा टाकणाऱ्यांचं, पूररेषेच्या आत बांधणाऱ्यांचं, परवानग्या देणाऱ्यांचं, दर पावसाळ्यात बघून न बघितल्यासारखं करणाऱ्या आपल्या सगळ्यांचं. ज्यानं डंपर रिकामा केला तो बहुतेक कुठेतरी उंचावर राहत असेल, कोरडा. आपल्याच भाषेत "करावे तसे भरावे" आहे आणि आपल्याच भाषेत "सुक्याबरोबर ओलंही जळतं" आहे, म्हातारी माणसं दोन्ही म्हणी एकाच दमात वापरतात आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही, कारण दोन्ही खऱ्या आहेत.

रॉंग साइडनं येणारा बघा. तो वर्षानुवर्षं रॉंग साइडनं येतो आणि व्यवस्थित घरी पोचतो. पडतो कोण, तर त्याला चुकवायला ब्रेक मारणारा.

तेव्हा कर्माची मला भीती वाटते ती वेगळ्या कारणानं वाटते. माझ्या केल्याचं मला भोगावं लागलं तर ठीक आहे, रडेन आणि भोगेन, त्यात एक न्याय तरी आहे. पण माझं केलेलं दुसऱ्याच कुणाच्या दारात जाऊन पडेल, मला त्याचा पत्ताही लागणार नाही आणि त्याला माझा लागणार नाही, ही गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. मांडव्याला निदान धर्मराजाचं दार माहिती होतं.

ह्याची दुसरी बाजू पण आहे आणि ती सुंदर आहे. बुधवार पेठेत भिडेवाड्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई शिकवायला जायच्या तेव्हा रस्त्यात लोकांनी शेण मारलं, दगड मारले, हे आपण तिसरीपासून वाचतो आणि वाचून पुढे जातो. हिशोब लावून बघा. केलं त्यांनी. त्यांना त्याचं काय मिळालं, तर शेण. आणि पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये आजारी मुलाला उचलून नेताना त्यांना लागण झाली आणि त्यातच त्या गेल्या. चांगलं करा म्हणजे तुमचं चांगलं होईल हा जो काय आपला रोजचा व्यवहार आहे तो सावित्रीबाईंच्या आयुष्याला लावून दाखवा कुणीतरी. त्या कर्माचं फळ मला मिळालंय. मी लॅपटॉप उघडून बसते, माझ्या नावावर पगार येतो, माझी लेक इंजिनिअरिंगला कुठली ब्रांच घेऊ म्हणून माझं डोकं खाते, ह्यातलं मी काय केलं होतं? अकृताभ्यागमच आहे हा, न केलेल्याचं फळ, आणि ह्याबद्दल कुणी लिफ्टमध्ये हळूच कानात येऊन बोलत नाही.

लेकीला हे सगळं एकदा जेवताना सांगत होते तर ती म्हणाली, "आई, म्हणजे तुझा कर्मावर विश्वास आहे की नाहीये, एक काहीतरी सांग." मी म्हटलं आहे, पण काकूंसारखा नाही. ती म्हणाली, "हे उत्तर नाहीये." बरोबर आहे तिचं. नवरा मधे म्हणाला आमटी वाढ.

तरी तिला द्यायला माझ्याकडे एक उदाहरण आहे, ते तेव्हा ताटावर सुचलं नाही म्हणून इथे लिहिते. आमच्याकडे कचरा न्यायला ज्या ताई येतात त्या "स्वच्छ"च्या. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ ला उभी राहिली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, आणि त्यातूनच पुढे २००८ मध्ये महापालिकेशी करार करून ह्यांची सहकारी संस्था घरोघरचा कचरा उचलायला लागली. बहुतेक सगळ्या बायका. आपण ओला सुका वेगळा करून दिला (दिला तर!) तरी सुका कचरा त्या परत हातानं वेगळा करतात, कारण त्यातून विकायला निघेल तेवढं त्यांचं. मध्यंतरी ताईंच्या तळहाताला मोठी पट्टी होती. विचारलं तर म्हणाल्या काच होती पिशवीत, फुटलेला ग्लास असावा, टाके पडले. मी विचारलं कुठल्या फ्लॅटमधली पिशवी. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की हा काय प्रश्न आहे. सगळ्या पिशव्या सारख्याच काळ्या असतात आणि खाली एकत्र ओततात, कळणार कसं.

ज्यानं तो ग्लास टाकला तो माणूस वाईट नसणार. हातातून सटकला असेल, सुपलीत गोळा केला, पिशवीत टाकला, हात धुतले, झालं. दुष्ट हेतू वगैरे काही नाही. बौद्ध लोक चेतनेला, म्हणजे मनातल्या हेतूलाच कर्म म्हणतात, त्या हिशोबानं त्याच्या खात्यावर काहीच पडलं नसेल. त्याला त्या टाक्यांबद्दल कधी कळणारही नाही आणि त्याच्या पुढच्या आयुष्यात काही वाईट झालं तर लिफ्टमधल्या काकू त्याचं कारण वेगळंच काहीतरी शोधतील. टाके मात्र पडलेच ना. इथे मला तो माणूस शोधून काढायचा नाहीये, शिक्षाही नको. इथे फक्त एवढंच करता येतं की फुटलेली काच जाड पेपरात गुंडाळायची, वर मार्करनं "काच" लिहायचं आणि ताईंच्या हातात वेगळी द्यायची. दोन मिनिटांचं काम. क्रियमाण क्रियमाण म्हणतात ते माझ्या बुद्धीला एवढंच झेपतं.

सोसायटीच्या ग्रुपवर मी हे टाकलं. अकरा अंगठे आले, एका गृहस्थांनी लिहिलं की आपण महिन्याला पैसे भरतो ते कशाचे मग, त्यावर दुसऱ्यांनी कुत्र्यांचा विषय काढला आणि तिथून गाडी पार्किंगवर गेली. काकूंनी मात्र वेगळा मेसेज करून विचारलं की थर्मामीटर फुटला तर तोही पेपरात गुंडाळायचा का, म्हटलं नाही, पाऱ्याचा असेल तर तो वेगळा ठेवा, त्याला हात लावू नका, विचारून सांगते. रविवारच्या मीटिंगला काचेचा विषय अजेंड्यावर घ्यायला लावलाय, सातवा आहे, लिफ्टच्या वार्षिक देखभालीच्या करारानंतर. तोपर्यंत किती लोक थांबतात बघू.